राखेखाली सापडलेले शेत

एकादशीला तुम्ही साबुदाण्याची खिचडी खाता ना? आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओका या झुडपाच्या मुळांतील पिष्टापासून बनवतात. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. उपासाला चालणारे रताळेही तिकडचेच!

मध्य अमेरिकेतील माया लोकांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी मोठमोठी दगडी शहरे उभारली. एवढी माणसे खात काय होती? मका, आणि जोडीला घेवडा व भोपळा, असे उत्तर बरीच वर्षे ठरलेले होते. उत्खननात मक्याची जळकी कणसे आणि दळण्याचे पाटे सापडत. १९६६ साली बेनेट ब्रॉन्सन यांनी मत मांडले, की या आहारात कंदमुळांचाही मोठा वाटा असला पाहिजे. पण पुरावा? घोडे अडले ते इथेच. मुळे खाल्ली की संपली. उरलेली दमट मातीत कुजतात.

आता एल साल्वादोर देशातील सेरेन या गावाकडे वळू. माया प्रदेशाच्या कडेचे हे खेडे सातव्या शतकात जवळच्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९७६ साली बुलडोझरने जमीन उकरताना ते उघडे पडले आणि १९७८ पासून पेसन शीट्स यांनी तेथे संशोधन सुरू केले.

ओलसर, बारीक राख झाडांभोवती घट्ट बसली. आतले झाड कुजून गेले, पण त्याच्या आकाराची पोकळी तशीच राहिली. त्या पोकळीत पातळ प्लॅस्टर ओतायचे, सुकू द्यायचे आणि भोवतीची राख काढायची, की झाडाची हुबेहूब प्रतिकृती हाती! पाँपेई येथे १८६३ साली माणसांच्या आकृत्या अशाच मिळवल्या होत्या.

२००७ साली गावाबाहेर राखेखाली रुंद वरंबे लागले. पोकळ्यांत प्लॅस्टर ओतले, तर निघाला टॅपिओका! एका खेड्यातल्या शेतावरून मक्याचे महत्त्व कमी होत नाही, हे खरे. तरीपण ही परसातली चार झुडपे नव्हती, पद्धतशीर केलेली शेती होती. पीक नुकतेच काढलेले होते. काढलेली मुळे काही दिवसांतच खराब होतात. मग एवढ्या मुळांचे ते काय करीत? बहुधा वाळवून ठेवीत असावेत.

त्याच वरंब्यांत खोडाचे तुकडे आडवे पुरून पुढची लागवडही झाली होती. स्फोटापूर्वी जेमतेम काही तास! गावात मानवी सांगाडे मिळालेले नाहीत, म्हणजे माणसे वेळीच निसटली असावीत. बेणे मात्र लावले तिथेच राहिले.