यंत्रांचे दुभाषी

‘ड्रायव्हर’ हा शब्द कानीं पडला कीं मोटार हांकणारा मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. संगणकाच्या व्यवहारांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथें ड्रायव्हर म्हणजे कोणी माणूस नव्हे, तर एक आज्ञावली होय. आणि तिचें काम हांकण्याचें नसून दुभाष्याचें आहे. संगणकाचा सर्व कारभार जी मुख्य आज्ञावली पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, मॅक-ओएस आणि लिनक्स या आजच्या तीन परिचित कार्यप्रणाली. ‘हें पान छापा’ एवढीच आज्ञा प्रणाली देते. पण छपाईयंत्र स्वतःच्या सांकेतिक बोलीवांचून दुसरें कांहीं जाणत नाहीं. कोणता संकेत मिळाला म्हणजे कागद ओढावयाचा, कोणता मिळाला म्हणजे शाई सोडावयाची, हें ज्याच्या त्याच्या कारखानदारानें ठरविलेलें असतें. दोहोंमध्यें दुभाषी नसेल तर यंत्र धडधाकट असूनही मुकें राहतें.

एखाद्या वकिलाच्या कचेरीची कल्पना करावी. तेथें पंधरा वर्षांपूर्वीं घेतलेला स्कॅनर आहे. संगणक जुना झाला म्हणून नवा आणला, त्यावर विंडोजची नवी आवृत्ति आली, आणि त्या दिवसापासून स्कॅनर ओळखलाच जात नाहीं. कांच स्वच्छ आहे, दिवा लागतो आहे, आंतील मोटर ठीक आहे. तरी तो अडगळींत जातो. तोच स्कॅनर लिनक्स असलेल्या संगणकास जोडला तर पुष्कळदां मुकाट्यानें काम करूं लागतो. उलट, बाजारांत नुकतेंच आलेलें वायफायचें कार्ड विंडोजवर पहिल्याच दिवशीं चालतें आणि लिनक्सवर कधीं कधीं कित्येक महिने चालत नाहीं. असें कां व्हावें? एक प्रणाली हुशार व दुसरी मंद असें म्हणून भागणार नाहीं. खरें उत्तर तीन प्रश्नांत आहे: यंत्राची बोली कोणास ठाऊक आहे, दुभाषी कोण तयार करतो, आणि प्रणाली बदलली म्हणजे त्या दुभाष्यास पुन्हां शिकविण्याची जबाबदारी कोणावर आहे.

विंडोजच्या जगांत ही जबाबदारी बहुतांशीं यंत्राच्या कारखानदारावर असते. मायक्रोसॉफ्ट कंपनी प्रणालीला ठराविक मापाचीं दारें ठेवते, तीं शक्यतों वर्षानुवर्षें बदलत नाहीं, आणि त्या मापाचा ड्रायव्हर कारखानदारानें करून द्यावा अशी अपेक्षा ठेवते. विंडोज वापरणारे लोक असंख्य, म्हणून कारखानदारही तो ड्रायव्हर यंत्र विकावयास काढण्यापूर्वींच तयार ठेवतो. त्याला आपल्या यंत्राचें रहस्य कोणास सांगावें लागत नाहीं. तयार दुभाषी तेवढा द्यावयाचा, त्याचें व्याकरण नव्हे. नव्या यंत्रांच्या बाबतींत विंडोजचा वरचष्मा दिसतो तो यामुळें.

परंतु याच व्यवस्थेंत तिची दुर्बलताही आहे. कधीं ना कधीं दारांचें माप बदलावें लागतेंच. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा ही आवृत्ति सर्वसामान्य ग्राहकांच्या हातीं आली तेव्हां चित्र, ध्वनि व छपाई यांच्या रचनेंत मोठे फेरफार झाले, आणि कालपर्यंत चालणारीं अनेक यंत्रें एकाएकीं अडलीं. तिच्या ६४-बिटी प्रकारांत गाभ्यांत शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर अधिकृत सही असणें आवश्यक झालें. ३२-बिटी ड्रायव्हर ६४-बिटी विंडोजवर मुळींच चालत नाहीं. आणि २०२१ सालीं आलेली विंडोज ११ ही केवळ ६४-बिटी आहे. ३२-बिटी प्रकारांत मिळणारी शेवटची आवृत्ति विंडोज १० होती. तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या स्कॅनरचा दुभाषी कारखानदारानें ३२-बिटी तेवढाच केला आणि पुढें हात झटकले, त्याच्यापुढें आतां अडगळीवांचून दुसरी वाट क्वचितच उरते. नवा ड्रायव्हर लिहिण्यांत कारखानदाराला कांहीं मिळत नाहीं; नवा स्कॅनर विकण्यांत मिळतें.

ॲपल कंपनीच्या मॅकचा संसार एकाच घरचा. संगणकही तिचा आणि कार्यप्रणालीही तिची. यंत्रांचे नमुने मोजके. यामुळें पडदा, कळफलक, ध्वनि, वायफाय यांविषयीं ग्राहकास विचारही करावा लागत नाहीं. मात्र जुन्यास निरोप देतांना ही कंपनी फारसा संकोच करीत नाहीं. २०१९ सालच्या कॅटालिना आवृत्तीनें ३२-बिटी आज्ञावली चालविणें बंद केलें, आणि त्यांच्यावर विसंबून असलेलीं स्कॅनर-छपाईचीं कित्येक जुनीं साधनें निरुपयोगी झालीं. त्याच वर्षीं कंपनीनें बाहेरच्या कारखानदारांचे ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्याबाहेर, निराळ्या खोलींत ठेवण्याची योजना सुरू केली.

ही योजना कां, हें पुढें एका घटनेनें जगास दिसलें. गाभा म्हणजे कर्नल. तेथें जो शिरतो त्याची एक चूक सबंध संगणकास खालीं आणते. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनें धाडलेली एक सदोष फाईल विंडोजच्या गाभ्यांत वावरणाऱ्या तिच्या ड्रायव्हरनें वाचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लक्ष संगणक बंद पडले. विमानांचीं उड्डाणें रद्द झालीं, रुग्णालयांचीं कामें खोळंबलीं. ड्रायव्हर असणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो कोठें बसतो हेंही महत्त्वाचें.

लिनक्सची रीत अगदीं उलटी. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यानें १९९१ सालीं हिचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. येथें ड्रायव्हरांची मूळ संहिता गाभ्याच्या संहितेंतच सामावून घेतात. आज त्या संहितेचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनींच व्यापलेला आहे. आंतील दारांचें माप कायमचें नसतें, तें वारंवार बदलतें. पण जो दार बदलतो त्यानेंच त्या दारानें ये-जा करणारे संग्रहांतील सर्व ड्रायव्हर दुरुस्त करावे, असा येथील दंडक आहे. म्हणून कारखाना बुडाला तरी त्याच्या यंत्राचा दुभाषी जगूं शकतो. स्कॅनरांचे दुभाषी गाभ्याबाहेर ‘सेन’ नांवाच्या खुल्या संग्रहांत असतात, परंतु तत्त्व तेंच: संहिता सर्वांपुढें आहे, म्हणून कोणीही तिची निगा राखूं शकतो.

अर्थात् हें अमरपट्ट्याचें वरदान नव्हे. ज्या ३८६ जातीच्या प्रोसेसरवर टोर्व्हाल्ड्सनें आरंभीं काम केलें, त्याच जातीचा आधार डिसेंबर २०१२ मध्यें लिनक्सच्या संहितेंतून काढण्यांत आला. निगा राखणारा कोणी उरला नाहीं कीं येथेंही निरोप मिळतोच. शिवाय जो कारखानदार आपला ड्रायव्हर संग्रहाबाहेर ठेवतो, त्याला या दंडकाचा लाभ होत नाहीं. अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्सचाच. तरी अनेक कारखानदारांचे ड्रायव्हर मुख्य संग्रहाबाहेर राहिल्यामुळें धडधाकट मोबाईल जुन्याच आवृत्तीवर अडकून पडूं लागले. ही अडचण कमी करण्यासाठीं गूगलनें २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून कारखानदाराचा भाग व प्रणालीचा भाग यांमध्यें निश्चित सीमा आंखली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रणाली कोणतीही असो, यंत्राची बोली ज्याच्या मुठींत, त्याच्याच हातीं यंत्राचें आयुष्य. एएमडी कंपनीनें २००७ सालीं आपल्या चित्र-कार्डांची तांत्रिक माहिती लिनक्सच्या कार्यकर्त्यांस देण्यास आरंभ केला, आणि कालांतरानें तिच्या कार्डांचे खुले ड्रायव्हर उत्तम झाले. एनव्हिडिया कंपनीनें ती माहिती दीर्घकाळ हातचीच राखली. तेव्हां ‘नुव्हो’ प्रकल्पाच्या लोकांना तिचीं कार्डें निरखून, संकेतांचे अर्थ ताडून ड्रायव्हर रचावा लागला, आणि तो कार्डाची पुरी शक्ति वापरूं शकत नसे. मे २०२२ मध्यें त्या कंपनीनेंही आपल्या नव्या कार्डांच्या ड्रायव्हरचा गाभ्यांत बसणारा भाग खुला केला.

हा वाद नवा नाहीं. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटीच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचें लेसर छपाईयंत्र आलें. त्यांत कागद वरचेवर अडके. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनीं पूर्वींच्या यंत्राची आज्ञावली सुधारून, कागद अडकतांच वाट पाहणाऱ्यांस सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र त्यांना मिळाली नाहीं. ज्याच्यापाशीं ती होती तो गुप्ततेच्या वचनानें बांधलेला होता. १९८३ सालीं त्यांनीं खुल्या आज्ञावलींची ‘ग्नू’ योजना जाहीर केली, तिच्यामागें हा अनुभवही होता.

या कोंडींतून निघण्याची एक वाट अशी, कीं यंत्रांनीं वेगवेगळ्या बोली सोडून एकच समाईक भाषा बोलावी. १९९६ सालीं यूएसबीची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. तिच्या योजनेंत कळफलक, माउस, पेनड्राईव्ह, कॅमेरे असे वर्ग पाडून प्रत्येकाची भाषा नेमून देण्यांत आली. म्हणूनच आज कोणताही साधा माउस कोणत्याही संगणकास जोडतांच चालतो. एका वर्गाला एकच दुभाषी पुरतो. छपाईच्या क्षेत्रांतही तेंच घडत आहे. ॲपलनें २०१० सालीं एअरप्रिंटची योजना आणली. सप्टेंबर २०२३ मध्यें मायक्रोसॉफ्टनेंही कारखानदारांचे स्वतंत्र छपाई-ड्रायव्हर क्रमाक्रमानें मागें सारून समाईक भाषेचा आधार घेण्याचें धोरण जाहीर केलें.

तेव्हां यंत्र विकत घेणाऱ्यानें किंमत व वेग यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावे. हें यंत्र समाईक भाषा बोलतें काय? बोलत नसेल, तर त्याच्या दुभाष्याची संहिता खुली आहे काय? दोहोंपैकीं एकाचें जरी उत्तर होकारार्थी असेल, तरी यंत्र कारखानदाराच्या मर्जीपलीकडेही टिकण्याची आशा असते. दोन्हीं उत्तरें नकारार्थी असतील, तर ग्राहकाच्या हातीं यंत्र येतें खरें, परंतु तें किती दिवस बोलावें हें ठरविण्याचा अधिकार विकणाऱ्यापाशींच राहतो.