‘इंदापूर’ संगणकाला अवैध का वाटते?

संकेतस्थळाचे नाव देवनागरीत नोंदविण्याची सोय ‘डॉट भारत’ या डोमेनमुळे २७ ऑगस्ट २०१४ पासून मराठी भाषकांना उपलब्ध झाली. तथापि, उदाहरणादाखल ‘बारामती.भारत’ किंवा ‘इंदापूर.भारत’ असे नाव एखाद्या ऑनलाइन अर्जात भरल्यास ‘पत्ता अवैध आहे’ असा शेरा मिळू शकतो. दोष बहुधा नावात नसतो. तो नाव तपासणाऱ्या ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’मध्ये असतो. कोणती चिन्हे, कोणत्या क्रमाने व किती वेळा यावीत, हे संगणकाला सांगणारा हा साचा होय.

जुने साचे केवळ रोमन अक्षरे, अंक व हायफन ओळखतात. त्यावर उपाय म्हणून ‘युनिकोडमधील कोणतेही अक्षर’ चालेल, अशी मुभा दिली तरी नकार कायम राहतो. कारण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना युनिकोड अक्षर मानत नाही. त्यांचा ‘मार्क’ हा वेगळा वर्ग आहे. ‘इंदापूर’मध्ये इ, द, प, र ही ४ अक्षरे आणि अनुस्वार, काना, उकार ही ३ चिन्हे आहेत. त्यामुळे तपासणी अनुस्वारापाशीच अडते. ‘बारामती’ तर पहिल्याच कान्यावर अडखळते. म्हणून साच्यात ‘मार्क’ वर्गाचाही समावेश आवश्यक ठरतो.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे नावाचे आधी ‘प्युनिकोड’ या रोमन रूपात रूपांतर करून मग तपासणी करणे. डोमेन प्रणाली हेच रूप वापरते. त्या रूपातील प्रत्येक भाग जास्तीत जास्त ६३ चिन्हांचा असावा, त्याच्या आरंभी वा अखेरीस हायफन नसावा आणि संपूर्ण नाव २५३ चिन्हांत बसावे. मात्र ‘भारत’चे हे रूप ११ चिन्हांचे असून त्यात अंक व हायफनही येतात. ‘शेवटचा भाग दोन ते चार अक्षरांचाच’ हा जुना नियम त्यामुळे काढून टाकावा लागतो.

साच्यातील टिंबाकडेही लक्ष हवे. नुसते टिंब म्हणजे ‘कोणतेही चिन्ह’. खरे टिंब अपेक्षित असल्यास त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. तसेच आरंभ व शेवट यांच्या खुणा नसतील, तर चुकीच्या नावातील एखादा बरोबर तुकडाही संमत होतो.

मराठी नाव वारंवार नाकारले गेले, तर वापरणारा निमूटपणे रोमन लिपीकडे वळतो. भाषेला मिळालेली सोय अशा वेळी केवळ कागदावर उरते.