बोट्युलिनमची कुपी आणि तिचा खरा खर्च

बुढापारा ही रायपूरमधील बुढा तलावाकाठची जुनी वस्ती. अशा वस्तीतील किंवा छत्तीसगडच्या दूरच्या जिल्ह्यातून राजधानीत आलेल्या कुटुंबाला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी बोट्युलिनमचे इंजेक्शन सुचवले जाते, तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा असतो. किंमत कुपीवर छापलेली असते. मात्र कुटुंबाला पडणारा खर्च तिच्याहून बराच वेगळा असतो.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे हे विष दूषित अन्नातून पोटात गेल्यास प्राणघातक ठरते. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवू न देणे हे त्याचे कार्य. संदेश न पोहोचल्याने स्नायू सैल पडतो. अत्यल्प मात्रेत, नेमक्या स्नायूत दिल्यास हाच गुण औषध ठरतो, हे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावरील उपचारांत दाखवून दिले. १९८९ मध्ये तेथे तिरळेपणा आणि पापण्यांचे अनैच्छिक आकुंचन यांसाठी त्यास मान्यता मिळाली. चेहऱ्यावरील सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ ची. प्रसिद्धी मात्र तिलाच अधिक लाभली.

औषध कुपीत कोरड्या स्वरूपात असते. सर्वाधिक परिचित बनावटीच्या १०० एककांच्या कुपीत परिरक्षकविरहित ०.९ टक्के सलाइन हळुवार सोडतात. कुपीतील निर्वात पोकळीने सलाइन आत ओढून घेतले नाही, तर ती कुपी टाकून द्यावी लागते. मिश्रण जोराने हलवत नाहीत, अलगद फिरवतात. २ मिलिलिटर सलाइन घातले तर प्रत्येक ०.१ मिलिलिटरमध्ये ५ एकके येतात; ४ मिलिलिटर घातले तर अडीच. येथील चूक थेट मात्रेत उतरते. शिवाय निरनिराळ्या बनावटींची एकके परस्परांशी तुल्य नसतात. एका बनावटीची ५०० एककांची कुपी ही दुसऱ्या बनावटीच्या १०० एककांच्या पाच कुप्यांबरोबर नव्हे. स्वस्त पडते म्हणून बनावट बदलताना हा हिशेब चुकल्यास बचत धोक्याची ठरते.

अर्थशास्त्राचा प्रश्न यापुढे सुरू होतो. विरघळवलेले औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून २४ तासांत वापरायचे असते आणि उत्पादकाच्या सूचनेनुसार एक कुपी एकाच रुग्णासाठी असते. पायांचा ताठरपणा असलेल्या मुलास किलोमागे ४ ते ८ एकके सांगितली आहेत. म्हणजे १२ किलो वजनाच्या मुलास ४८ ते ९६. पापण्यांच्या विकारात सुरुवातीला दोन्ही डोळे मिळून १५ एककेही पुरतात. उरलेली ८५ एकके वाया जातात आणि त्यांची किंमत रुग्णच भरतो! यावर उपाय म्हणून काही ठिकाणी एकाच दिवशी अनेक रुग्णांना बोलावून कुपी वाटून घेतली जाते. खर्च विभागला जातो हे खरे. परंतु ही पद्धत उत्पादकाच्या सूचनेबाहेरची आहे आणि निर्जंतुकता व नोंदी यांत जराही ढिलाई तिला परवडत नाही. लहान मात्रेच्या कुप्या मागणे व पुरवणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

दुसरा घटक शीतसाखळीचा. मे महिन्यात रायपूरचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. दुकानातून घेतलेली कुपी बर्फाच्या डब्याविना दवाखान्यापर्यंत नेली, तर पैसे भरूनही औषधाचा गुण मिळेल याची शाश्वती नाही. परवानाधारक विक्रेता आणि पावती यांचा आग्रह याच कारणासाठी धरावा. २००४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात वैद्यकीय वापरासाठी नसलेले विष टोचल्यामुळे चौघांना पक्षाघात झाला होता. अधिकृत औषध दिल्यानंतरही गिळण्यास किंवा श्वासास त्रास झाल्यास तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

इंजेक्शनचा गुण काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण ३ महिन्यांत ओसरतो. त्या अवधीत स्नायू ताणण्याचे व्यायाम, पट्ट्या आणि चालण्याचा सराव झाला नाही, तर स्नायू पुन्हा पूर्वस्थितीला येतो व कुपीचे पैसे फुकट जातात. तथापि, बाह्यरुग्ण विभागातील हे व्यायाम आयुष्मान भारतसारख्या, मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असलेल्या योजनेत सहज बसत नाहीत. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तीत बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही समावेश आहे. नोंदणीसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. पहिल्या इंजेक्शनपूर्वीच ते हाती असेल, तर तीन महिन्यांनी मजुरी बुडवून पुन्हा शहरात येताना कुटुंबाला निदान व्यायामाच्या खर्चाची चिंता कमी राहते.