शटल आहे का, ते आधी बघा

२००९ साली सौदी अरेबियात जुन्या सिंगर शिवणयंत्रांचे भाव अचानक आभाळाला भिडले. यंत्रात ‘लाल पारा’ नावाचा अतिमौल्यवान पदार्थ असतो, आणि सुईजवळ मोबाईल धरल्यावर फोन कट झाला की पारा नक्की, अशी वावडी उठली होती. काही यंत्रांना दोन लाख रियालपर्यंत बोली लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. आत असतं काय? बीड, पोलाद आणि तेल. पारा कधीच नव्हता. हसू येतं खरं, पण आपल्याकडेही जुन्या रेडिओ-टीव्हीवरून हीच वावडी फिरलेली आहे.

असली थाप निदान ओळखू येते. गिऱ्हाईक फसतं ते अर्ध्या खऱ्या गोष्टींनी. “ताई, ब्रिटिशांच्या काळातलं आहे, अँटिक पीस” हे त्यातलं पहिलं वाक्य. वय खरं असेलही. पण स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक इथे सिंगरचा कारखाना होता, आणि एकट्या १९१३ सालात तिथून जवळजवळ १३ लाख यंत्रं बाहेर पडली. अमेरिकेतले, जर्मनीतले, रशियातले कारखाने वेगळेच. बिडाचं यंत्र सहसा मोडत नाही, म्हणून त्यातली पुष्कळ अजून कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर आहेत. शंभरी गाठलेलं सिंगर ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. दुर्मीळ म्हणायची ती १८५० च्या दशकातली, अगदी सुरुवातीची यंत्रं. ती पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सहज सापडतील असं समजू नये.

वय ठरवतानाही गोंधळ होतो. पत्र्याच्या सरकत्या झाकणावर कोरलेलं साल म्हणजे यंत्राचं जन्मसाल, असं विकणाराही मनापासून मानतो. बहुतेक वेळा ते साल पेटंटचं असतं. खरा पुरावा म्हणजे बैठकीवर, उजव्या हाताला ठोकलेला क्रमांक. सिंगरच्या १९०० पूर्वीच्या यंत्रांवर नुसते आकडे असतात. त्यानंतर आकड्यांआधी इंग्रजी अक्षर आलं. एफ किंवा वाय असेल तर क्लाइडबँक, जी असेल तर न्यू जर्सीतलं एलिझाबेथ. या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत, त्यावरून साल निघतं. तेही त्या क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला दिला गेला ते साल, विक्रीचं नव्हे. शिवाय पायाच्या मशीनच्या बिडाच्या स्टँडवर ‘सिंगर’ लिहिलेलं असलं, तरी वर बसवलेलं मुंडकं त्याच कंपनीचं असेल असं नाही. वर्षानुवर्षं अदलाबदल झालेली असते. हल्ली तर स्टँडला हॉटेलवाले टेबलासाठी मुंडक्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. मला ते बघवत नाही, पण बाजाराला त्याचं काय!

“नवीन रंग मारून दिलाय, चकाचक आहे.” इथे मात्र हात आखडता घ्यावा. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ काळ्या लकाकीला आणि सोनेरी नक्षीला. स्फिंक्स किंवा कमळाची नक्षी निम्मी झिजलेली असली तरी नव्या स्प्रे-पेंटपेक्षा ती बरी, कारण एकदा रंगाखाली गेली की परत येत नाही. घरी आणल्यावर स्पिरिटने पुसायचा मोहही टाळा: नक्षीवरचा लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो. शिवणयंत्राचं तेल आणि मऊ फडकं पुरतं.

उलट, चाक फिरत नाही म्हणून यंत्र भंगारात काढणं हीही चूक. वर्षानुवर्षं न वापरल्याने, किंवा कुणीतरी स्वयंपाकाचं तेल घातल्याने, आतलं तेल चिकट होऊन घट्ट बसलेलं असतं. थोडं रॉकेल, मग मशीनचं तेल, आणि एक-दोन दिवस धीर; बहुतेक यंत्रं सुटतात. गंजून पापुद्रे निघालेले असतील किंवा बिडाला चीर गेली असेल, तर गोष्ट वेगळी.

जड तेवढं भारी, हाही समज आहे. सिंगरचं १९३३ साली आलेलं २२१ हे मॉडेल ॲल्युमिनियमचं, पाचएक किलोचं, आणि गोधड्या शिवणाऱ्यांमध्ये आजही त्याला मागणी आहे.

खरी किंमत पडते ती हरवलेल्या लहान भागांपायी. २७, २८, १२७, १२८ या मॉडेलांत गोल बॉबिन नसते. लांबट बॉबिन आणि ती ज्यात बसते ते टोकदार शटल असतं. झाकण सरकवून आत बघा. शटल नसेल तर ते शोधण्यात यंत्राइतकाच वेळ आणि पैसा जाऊ शकतो. सुईचंही तेच: या मॉडेलांना आजची नेहमीची घरगुती सुई चालते, पण एकोणिसाव्या शतकातल्या मॉडेल १२ ला लागणारी सुई आता दुकानात मिळत नाही. असं यंत्र शोभेला घ्यायचं की शिवायला, हे पैसे काढण्याआधी ठरवा.

जाताना खिशात नवी सुई, सुती कापडाचा तुकडा आणि दोन रंगांचा दोरा न्या. वर लाल, खाली पांढरा. चाक हाताने, स्वतःकडे फिरवून चार बोटं शिवण घाला. वरच्या बाजूला पांढरा दोरा ओढला गेला तर टेन्शनचा स्क्रू सैल करून ते जमतं. त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. टाके सुटत असतील तर आधी सुई उलटी बसली नाही ना, ते पाहा. सुलटी, नवी सुई लावूनही सुटत राहिले, तर दोष शटलच्या टोकात किंवा टायमिंगमध्ये आहे. कारागिराचा तेवढा खर्च धरूनच भाव सांगा.