आखूड पायांचा गुराखी

चार-पाचशे किलो वजनाच्या गाईला दहा-बारा किलोचा कुत्रा हाकू शकेल काय? ब्रिटनमधील वेल्स प्रांतात वेल्श कॉर्गी नावाच्या बुटक्या कुत्र्याने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. त्याच्या पेंब्रोक व कार्डिगन अशा दोन जाती असून, ब्रिटनच्या केनेल क्लबने १९३४ साली त्या वेगळ्या मानल्या. येथे आपण पेंब्रोकचा विचार करू.

याची खांद्यापाशी उंची २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तुमच्या फूटपट्टीएवढी. कान उभे, तोंड कोल्ह्यासारखे, धड लांब आणि पाय आखूड. गुरे रेंगाळली की हा मागून जाऊन त्यांच्या टाचेला हलकेच चावा घेतो. गाय लाथ झाडते, पण तोवर हा जमिनीलगत दबलेला असतो आणि लाथ त्याच्या डोक्यावरून निघून जाते. उंच कुत्र्याला ही युक्ती इतकी सहज साधणार नाही.

पाय आखूड का? वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चा असते. तिच्यामुळे हाडांची लांबी वाढते. वाढीशी संबंधित अशा एका जनुकाची जादा प्रत आखूड पायांच्या अनेक जातींत असते, असे २००९ साली संशोधकांना आढळले. या प्रतीमुळे कूर्चेची वाढ लवकर थांबते. २०१७ साली त्याच जनुकाची आणखी एक प्रत सापडली. तिचा संबंध मणक्यांमधील चकत्या लवकर कडक होण्याशी आहे. कॉर्गीमध्ये तीही आढळते.

आता पुलाचे उदाहरण घ्या. दोन खांबांमधील अंतर वाढवले, तर त्याच वजनाखाली पूल अधिक वाकतो. कॉर्गीची पाठ अशीच पुढच्या व मागच्या पायांवर तोललेली असते. त्यातच चकत्या कडक झालेल्या! अशी चकती सरकून मज्जारज्जूवर दाबली गेली, तर मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून त्याला उंच पलंगावरून उड्या मारू देऊ नयेत. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली ठेवून पाठ आडवी राखावी. केवळ पुढचे पाय धरून कधीही उचलू नये. दहा किलोच्या कुत्र्याचे वजन एक किलोने वाढले, तर तुमच्या दृष्टीने ते किरकोळ असेल. पण चाळीस किलोच्या मुलाने चार किलोचे दप्तर रात्रंदिवस पाठीवर वागवावे, तसे ते आहे! कॉर्गी खादाड असतो, तेव्हा अन्न मोजूनच द्यावे.

त्याचे केस दुहेरी असतात: आत मऊ व दाट, बाहेर जाडसर. आतल्या थरात हवा अडकते, आणि हवा ही उष्णतेची मंदवाहक. वेल्सच्या थंडी-पावसात हे पांघरूण उत्तमच. पण मुंबईच्या दमट उन्हाळ्यात काय? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो व तोंडातील ओलाव्याचे बाष्पीभवन करून थंड होतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. हवा आधीच दमट असेल, तर बाष्पीभवन मंदावते आणि धापा टाकूनही उपयोग होत नाही. म्हणून त्याला पहाटे किंवा रात्री फिरवावे, सावली व पाणी द्यावे. केस मुळापासून भादरू नयेत, कारण ते उन्हापासूनही रक्षण करतात. गळणारे केस मात्र नियमित विंचरून काढावेत.

धावत्या मुलांच्या टाचांना हा कुत्रा तोंड लावू लागला, तर त्याला खोडकर ठरवून मारू नका. गुरे हाकण्याचा त्याचा उपजत स्वभावच तेथे प्रकट होतो. लहानपणापासून शिकवण, रोजचे फिरणे आणि डोक्याला काही काम, हाच त्यावर उपाय.

चित्रातले गोंडस रूप पाहून असा कुत्रा घरी आणण्याचा हट्ट धरण्यापूर्वी घरातील जिने, उन्हाळा आणि रोज त्याला देता येणारा वेळ यांचा हिशेब मांडा. तो जुळला नाही, तर आपल्या हवेत वाढलेले एखादे गावठी पिल्लू पाळा; तेही तितकाच जीव लावते.