हाड जुळले, माणसाचे काय?

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. मांडीचे हाड मोडल्यामुळे पाच-सहा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली एखादी वृद्धा मुलाच्या आधाराने बाह्यरुग्ण विभागात येते. डॉक्टर क्ष-किरणाची फिल्म उजेडासमोर धरतात आणि समाधानाने सांगतात, ‘‘आजी, हाड छान जुळलं आहे. आता काळजी करू नका.’’ आजीही हात जोडून म्हणतात, ‘‘बरं आहे, डॉक्टरसाहेब.’’ केसपेपरवर दोन शब्द लिहिले जातात आणि प्रकरण मिटते. त्या आजी घरी जमिनीवर बसू शकतात की नाही, कोणाचा हात न धरता मोरीपर्यंत जातात की नाही, रात्री कूस बदलताना त्यांना कळ येते की काय, यांपैकी काहीच त्या दोन शब्दांत नसते.

डॉक्टर खोटे बोललेले नसतात. फिल्मवर दिसते ते हाड खरोखरच जुळलेले असते. परंतु हाड जुळणे आणि माणूस बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महिनोन् महिने न वापरलेले मांडीचे स्नायू झडलेले असतात, गुडघा आखडलेला असतो आणि पुन्हा पडण्याचे भय मनात ठाण मांडून बसलेले असते. यांपैकी एकही गोष्ट क्ष-किरणांना दिसत नाही. म्हणूनच बरे होणे मोजायचे कसे, कोणी आणि केव्हा, हा केवळ वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकांचा प्रश्न उरत नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचा आग्रह धरणारा पहिला मोठा शल्यविशारद अमेरिकेतील बोस्टन शहरात होऊन गेला. अर्नेस्ट कॉडमन हे त्याचे नाव. त्याचे म्हणणे साधे होते. प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा पुरेसा काळ करावा, उपचार यशस्वी झाला की नाही ते पाहावे आणि झाला नसेल तर का झाला नाही ते लिहून ठेवावे. कोणत्याही दुकानदाराला पटावी अशी ही गोष्ट त्याच्या सहकाऱ्यांना मात्र पटली नाही. १९१४ साली तो मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातून बाहेर पडला. १९११ मध्ये काढलेल्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयात त्याने आपली पद्धत चालवून दाखवली. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची नोंद त्याने ठेवली आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. आपल्या चुकांचा हिशेब असा चव्हाट्यावर मांडणाऱ्या माणसाला समव्यावसायिकांनी दूर लोटावे, यात नवल नव्हते. १९४० साली तो निवर्तला. त्याच्या थडग्यावर नावाची शिळा बसण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

कॉडमनच्या आग्रहातील ‘पुरेसा काळ’ हे शब्द किती महत्त्वाचे आहेत, हे खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. आजच्या कृत्रिम खुब्याचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या इंग्लंडच्या जॉन चार्नली याने प्रारंभी सांध्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. सुमारे तीनशे रुग्णांना असे सांधे बसवले गेले. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. सर्वत्र आनंदीआनंद झाला. परंतु दोन-तीन वर्षांत ते टेफ्लॉन झिजू लागले आणि चार्नलीला तेच सांधे पुन्हा काढावे लागले. या अनुभवातून शहाणा होऊन त्याने १९६२ साली पॉलिएथिलीनची वाटी वापरली, तिच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली आणि मगच ती इतरांच्या हाती सोपवली. सहाव्या आठवड्यातील यश हे सहाव्या वर्षीचे यश नव्हे, हा धडा त्याने स्वतःच्या अपयशातून जगाला दिला.

मोजायचे ठरले, तरी काय मोजायचे? अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॅरिस याने १९६९ साली खुब्यासाठी शंभर गुणांची एक परीक्षाच तयार केली. तिची गुणविभागणी शिक्षकांनी अवश्य पाहावी अशी आहे. वेदना नसल्यास ४४ गुण. चालण्या-वावरण्याच्या क्षमतेला ४७. सांधा किती अंशांत हलतो याला अवघे ५ आणि व्यंग नसल्याबद्दल ४. म्हणजे शंभरांपैकी ९१ गुण रुग्णाला काय सोसावे लागते आणि काय करता येते यासाठी राखलेले आहेत. दृष्टिकोन म्हणून हे मोठेच पाऊल होते.

तरीही या परीक्षेत दोन उणिवा राहिल्या. पहिली अशी की, गुण देण्याचे काम शल्यविशारदाकडेच राहिले. ज्याने शिकवले त्यानेच प्रश्न विचारावे आणि त्यानेच उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार झाला. त्यातून आपल्याकडील रुग्ण भिडस्त. ज्याने जीव वाचवला त्याच्या तोंडावर ‘अजून दुखते’ असे म्हणणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. दुसरी उणीव गुणांच्या तपशिलात आहे. सत्तेचाळिसांपैकी सार्वजनिक वाहनात चढता येण्याला १ गुण आहे आणि साध्या खुर्चीवर तासभर आरामात बसता येण्याला ५. जमिनीवर बसण्याचा उल्लेखच नाही.

पहिल्या उणिवेवर पुढे उपाय निघाला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९६ साली खुब्यासाठी आणि १९९८ साली गुडघ्यासाठी प्रत्येकी बारा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिची उत्तरे डॉक्टर देत नाहीत, रुग्ण स्वतः देतो. २००९ पासून इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर सहा महिन्यांनी अशी उत्तरे घेण्याचा प्रघात पडला. रुग्णालाच विचारू लागल्यावर डॉक्टरांच्या नोंदींत न दिसलेली एक गोष्ट समोर आली. गुडघा बदललेल्या साधारण पाच रुग्णांपैकी एक समाधानी नसतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. यांतील अनेकांचे क्ष-किरण चित्र निर्दोष असते.

आपल्या देशात हे मोजमाप न झाल्याची किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने धातूवर धातू घासणारा आपला खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन येथे कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. हा सांधा बसवलेल्यांवर फेरशस्त्रक्रियेची पाळी फार वेळा येते, हे त्या नोंदवह्यांतून उघड झाले होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा बसवण्यात आला होता. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ साली उजेडात आला, तेव्हा त्यांपैकी जेमतेम १,०८० रुग्णांचा माग लागलेला होता. उरलेले हजारो लोक सदोष धातू अंगात बाळगून कोठे आणि कोणत्या अवस्थेत होते, याची दाद ना कंपनीला होती ना सरकारला. २०१७ साली केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु वस्तूचा भाव ठरला म्हणून तिचा गुण ठरत नाही.

दुसरी उणीव मात्र आपली आपणच भरून काढावी लागेल. परदेशी प्रश्नावल्यांत मोजे घालता येतात का, मोटारीत बसता-उतरता येते का, असे प्रश्न असतात. त्यांचे मराठीत भाषांतर केल्याने त्या मराठी होत नाहीत. आपली प्रश्नपत्रिका वेगळी आहे. पाटावर मांडी घालून जेवता येते का? उकिडवे बसून संडासला जाता येते का? एस.टी.ची उंच पायरी चढता येते का? लोकलच्या गर्दीत उभे राहता येते का? गवंड्याला परातीत काम करता येते का, शेतमजूर बाईला वाकून खुरपता येते का, विडी वळणारीला दिवसभर बैठक मारता येते का? १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाऊल घडवले, ते उकिडवे बसणारा आणि अनवाणी चालणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवूनच. माणसाचे जगणे आधी पाहावे आणि साधन नंतर घडवावे, हा त्यामागचा विचार मोजमापालाही लागू पडतो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. अनेक कृत्रिम सांध्यांना खोल वाकणे मानवत नाही आणि उकिडवे बसू नका, हा डॉक्टरांचा सल्ला बहुधा रास्तच असतो. मात्र हा सल्ला पाळण्यासाठी घरात खुर्ची आणि कमोड लागतो, हे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला सांगायला हवे. आपण वेदना देऊन टाकीत आहोत आणि त्या बदल्यात जमिनीवरची बैठकही देत आहोत, हे माहीत असलेला रुग्ण पुढे निराश होत नाही. मोजमापाचा एक मोठा उपयोग हाच की, शस्त्रक्रियेपूर्वीच्या आश्वासनांना ते वास्तवाचा लगाम घालते.

याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. वेदना ज्याची त्याला कळते, तिला आकडा कसा लावणार, हा पहिला. त्याचे उत्तर असे की, येथे एका रुग्णाची दुसऱ्याशी तुलना करायचीच नाही; त्याच माणसाची आधीची आणि नंतरची स्थिती पडताळून पाहायची आहे. आकडे मागितल्यास डॉक्टर अवघड रुग्ण टाळतील, हा दुसरा आक्षेप खरा आहे. म्हणून वय, मधुमेहासारखे विकार आणि मूळची अवस्था यांची नोंद गुणांच्या शेजारीच असली पाहिजे. ऐंशी वर्षांच्या रुग्णाचे साठ गुण हे पन्नाशीतल्याच्या ऐंशी गुणांपेक्षा मोठे यश असू शकते. तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. परंतु बारा प्रश्नांना दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि आता फोन बहुतेक घरांत पोचला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी एकदा, सहा महिन्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा विचारावे. विचारणारा मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्याहून वेगळा असावा, एवढेच पथ्य पाळायचे आहे.

शस्त्रक्रियांचा खर्च जेथे सरकारी तिजोरीतून किंवा विमा योजनेतून होतो, तेथून याचा प्रारंभ होण्यास काहीच हरकत नसावी. पैसा लोकांचा असेल, तर त्या पैशाने किती हाडे जोडली एवढेच नव्हे, तर किती माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागली, हे विचारण्याचा लोकांना अधिकार आहे. रुग्णाच्या घरच्यांनीही डॉक्टरांना ‘शस्त्रक्रिया यशस्वी होईल ना?’ एवढेच विचारून थांबू नये. वर्षभराने आमच्या आईला काय काय करता येईल, असे विचारावे.

तसे झाले, तर त्या आजींच्या केसपेपरवर ‘हाड जुळले’ या शब्दांखाली आणखी एक ओळ येईल. जमिनीवर बसता येत नाही, पण कोणाच्या आधाराविना मोरीपर्यंत जातात, रात्री झोप लागते, असे काहीतरी तेथे लिहिलेले असेल. त्या ओळीत थोडे अपयशही असेल. परंतु पुढच्या रुग्णाला त्याहून काही अधिक द्यायचे असेल, तर ते अपयश आधी कोणीतरी लिहून ठेवलेले असले पाहिजे.