जोडी नसलेली शीर

छातीच्या आत, पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने एक शीर वर चढते. शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकांत तिचे लॅटिन नाव आहे ‘व्हेना अझायगॉस’. लॅटिन येणारा माणूस इथे अडखळतो. ‘व्हेना’ म्हणजे शीर, शब्द स्त्रीलिंगी. मग तिचे विशेषण पुल्लिंगी का दिसते?

उत्तर ग्रीकमध्ये आहे. ‘झायगॉन’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, आणि त्याआधी नकाराचा ‘अ’. हा ‘अ’ संस्कृतातल्या ‘अ’चाच भाऊबंद; ‘झायगॉन’ आणि संस्कृत ‘युग’ही एकाच मुळाचे, आणि आपले ‘जू’ त्या ‘युग’चेच रूप. अझायगॉस म्हणजे जोडीला कुणी न जुंपलेली. ग्रीकमध्ये साधी विशेषणे ‘चांगला, चांगली, चांगले’ अशी लिंगानुसार बदलतात. जोडून बनलेली विशेषणे मात्र पुल्लिंगात आणि स्त्रीलिंगात बहुधा सारखीच राहतात, जसे ‘सुंदर मुलगा’ आणि ‘सुंदर मुलगी’. म्हणून ‘व्हेना अझायगॉस’ अगदी शुद्ध आहे. लॅटिनने शब्द घेताना त्याचे व्याकरणही सांभाळले, आणि ही निष्ठा मला फार मोलाची वाटते.

नाव सार्थही आहे. उजवीकडच्या बरगड्यांमधले रक्त गोळा करत ही शीर छातीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीला येते, उजव्या फुप्फुसाच्या मुळावरून पुढे वळते आणि हृदयाकडे उतरणाऱ्या वरच्या महाशिरेला मिळते. डावीकडे अशी सलग शीर नसते. तिकडच्या लहान शिरा कणा ओलांडून हिलाच येऊन मिळतात. गर्भात सुरुवातीला दोन्ही बाजूंना सारख्याच शिरा असतात, पुढे रक्ताचा ओघ उजवीकडे वळतो. डुकरात नेमके उलटे होते, डावी शीर टिकते.

या एकटेपणावर एके काळी उपचार ठरत असे. कुशीत दुखू लागले की वैद्य रक्त काढत. पण कोणत्या हातातून, यावर मोठा वाद होता. १५३९ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ आंद्रेआस व्हेसेलियसने याच शिरेचा आधार घेऊन उजव्या हाताच्या बाजूने पत्र छापले. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे रक्त शिरांतून अवयवांकडे जात असे, आणि बरगड्यांना रक्त पुरवणारी ही शीर उजवीकडून निघते, असा त्याचा युक्तिवाद. १६२८ मध्ये इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने रक्ताभिसरण मांडले आणि त्या तर्काचा पायाच गेला. शिरांतले रक्त हृदयाकडे जाते हे कळले.

आज डॉक्टर हिच्याकडे दुसऱ्या कारणासाठी पाहतात. खालची महाशीर बंद पडली, तर पायांकडचे आणि पोटातले बरेच रक्त अझायगॉसमधून वाट काढत हृदयाकडे जाते. मग ही शीर फुगते, आणि छातीच्या स्कॅनमध्ये तिची रुंदी पाहून खालच्या अडथळ्याचा संशय येतो.